हिवाळ्यातील घर आणि वाहन: सुरक्षितता व देखभाल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी वाढू लागली की घर आणि वाहन यांविषयी तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एक विषय दुसऱ्याला लागून आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. वेळ कमी असेल तर प्रश्न २ आणि ३ आधी वाचावेत. हिवाळ्यातल्या इतर बहुतेक चुका पैशांनी भरून निघतात, त्या दोन प्रश्नांतली चूक भरून निघत नाही.

## घर

१. हिवाळ्याची तयारी केव्हा सुरू करावी आणि कशापासून?

पाणी गोठवणारी पहिली रात्र येण्याच्या महिनाभर आधी तयारी सुरू करावी. थंडीची लाट आल्यावर प्लंबर, मेकॅनिक आणि धुराडे साफ करणारे सगळेच एकदम हवे असतात आणि कोणीच मिळत नाही. सुरुवात नेहमी आगीशी संबंध असलेल्या वस्तूंपासून करावी: धुराडे, गॅसवरचा हीटर, बॉयलर. लाकूड जाळले की धुराड्याच्या आतल्या बाजूला क्रिओसोटचा डांबरासारखा थर साचतो, आणि तो पेटला तर धुराड्यातच आग लागते. म्हणून वर्षातून एकदा धुराडे तपासून साफ करून घ्यावे, आणि जळणाचे लाकूड नीट वाळलेले, म्हणजे २० टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असलेले, वापरावे. त्यानंतर पाण्याचे पाइप (प्रश्न ८) आणि मग वाहनाची बॅटरी व टायर (प्रश्न १४ आणि १८) हा क्रम ठेवावा.

२. खोलीत कोळशाची शेगडी पेटवून खिडकी थोडी उघडी ठेवली तर चालते ना?

नाही, चालत नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याला दुसरे उत्तर नाही. कोळसा, लाकूड, गॅस किंवा रॉकेल पुरेशा हवेशिवाय जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण थोडे असले तरी शरीराला ऑक्सिजन पोहोचेनासा होतो. धूर ओसरून निखारे लालबुंद झाले की शेगडी निर्धोक झाली असा समज आहे, पण धूर नसला तरी निखारे हा वायू सोडतच असतात, आणि राखेखाली विझल्यासारखे दिसणारे निखारेसुद्धा बराच वेळ तो सोडतात. खिडकीच्या फटीतून किती हवा खेळेल हे वाऱ्यावर अवलंबून असते, आणि वारा पडला हे झोपलेल्या माणसाला कळत नाही.

हाच नियम खोली ऊबदार करण्यासाठी पेटवलेल्या स्वयंपाकाच्या गॅसला, घरात आणलेल्या बार्बेक्यूला आणि जनरेटरलाही लागू आहे. वीज गेल्यावर जनरेटर गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये लावला जातो; तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर आणि धूर घराच्या विरुद्ध दिशेला जाईल असाच ठेवावा. जळालेला वायू पाइपने बाहेर सोडण्याची सोय नसलेला गॅस गिझर न्हाणीघरात बसवू नये. बंद न्हाणीघरात आंघोळीच्या वेळेत धोक्याची पातळी गाठली जाऊ शकते.

३. या वायूची बाधा झाली हे कसे ओळखायचे? बोटाला लावायचा ऑक्सिमीटर उपयोगी पडतो का?

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, अशक्तपणा, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे असतात, आणि ताप नसलेला फ्लू वाटावा इतकी ती साधी दिसतात. ओळखण्याच्या खुणा तीन. घरातल्या एकापेक्षा अधिक माणसांना, कधी पाळीव प्राण्यांनाही, एकाच वेळी त्रास होतो; बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते; आणि घरात परतल्यावर त्रास पुन्हा सुरू होतो. अशी शंका आली तरी सर्वांना घेऊन ताबडतोब बाहेर पडावे आणि बाहेरूनच आपत्कालीन सेवेला फोन करावा. शेगडी विझवत किंवा खिडक्या उघडत आत थांबू नये. बेशुद्ध पडलेल्याला ‘गाढ झोप लागली आहे’ असे समजू नये.

ऑक्सिमीटरवर विसंबू नका. साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनयुक्तच समजतो, त्यामुळे माणूस गंभीर अवस्थेत असतानाही आकडा ९८ किंवा ९९ दिसू शकतो. निदान रुग्णालयात रक्ततपासणीने होते.

४. घरात धुराचा अलार्म आहे. कार्बन मोनॉक्साइडसाठी वेगळा अलार्म लागतो का, आणि तो कुठे लावावा?

वेगळा लागतो, कारण धुराच्या अलार्मला हा वायू कळत नाही. त्याचे वजन जवळजवळ हवेइतकेच असल्याने तो खोलीभर मिसळतो, म्हणून अलार्मची उंची निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे ठेवली की पुरे. महत्त्वाचे हे की प्रत्येक मजल्यावर एक आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ एक, झोपेतून जाग येईल इतक्या अंतरावर असावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याचा गळती-अलार्म मात्र जमिनीलगत लावतात. ही दोन वेगळी उपकरणे आहेत आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

चाचणीचे बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे बॅटरी आणि भोंगा ठीक आहे एवढेच सिद्ध होते. आतला सेन्सर साधारण ५ ते १० वर्षांत निकामी होतो, म्हणून मागे छापलेली मुदत पाहून संपूर्ण उपकरण बदलावे. बाहेर कडाक्याची थंडी असताना मध्यरात्री अलार्म वाजला तरी बाहेर पडायचेच. कोट आणि पांघरुणे दाराजवळ ठेवण्याची सवय त्यासाठीच लावावी.

५. कोणता विजेचा हीटर सर्वांत कमी वीज खातो?

तेल भरलेला, पंख्याचा, हॅलोजनचा असे प्रकार असले तरी एका युनिट विजेतून मिळणारी उष्णता सगळ्यांत सारखीच असते. ‘कमी विजेत जास्त ऊब’ ही केवळ जाहिरातीतली भाषा आहे. फरक वापराचा आहे. पंख्याचा हीटर खोली लवकर तापवतो, तेलाचा बंद केल्यावरही काही काळ ऊब देत राहतो. खरा अपवाद हीट पंपाचा, म्हणजे गरम हवाही देणाऱ्या एअर कंडिशनरचा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरून आत ओढतो, म्हणून एका युनिटमागे दोन-तीन युनिटांइतकी ऊब देऊ शकतो. बाहेरचे तापमान फार उतरले की त्याची क्षमताही उतरते.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र सर्वांना समान आहे. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर प्रवाह ओढतो. तो भिंतीतल्या जाड पिनेच्या, १६ अँपिअर क्षमतेच्या सॉकेटमध्येच लावावा. एक्स्टेन्शन बोर्डवर कधीही नाही. अर्ध्या तासाने प्लग हाताला गरम लागला तर आतली जोडणी ढिली आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत हीटर वापरू नये. पडदे, अंथरूण, वाळत घातलेले कपडे यांच्यापासून एक मीटर अंतर ठेवावे आणि झोपताना हीटर बंद करावा.

६. हीटर खोलीतला ऑक्सिजन जाळतो का? मग खिडक्यांना आतून पाणी का सुटते?

विजेच्या हीटरमध्ये काहीच जळत नाही, त्यामुळे ऑक्सिजन कमी होत नाही. हवा तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि सापेक्ष आर्द्रता उतरते. नाक आणि घसा कोरडा पडतो तो यामुळे.

पाणी सुटण्याचा प्रकार याच्या उलट वाटतो, पण दोन्ही तक्रारी एकाच घरातून येऊ शकतात. श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून बाष्प जमत जाते, आणि ते थंड काचेला किंवा बाहेरच्या भिंतीला लागले की पाणी होते. तिथेच पुढे बुरशी धरते. दिवसभर खिडकी किलकिली ठेवल्याने भिंती थंड होतात आणि बाष्प मात्र पुरते जात नाही. त्याऐवजी दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडाव्यात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा वापरावा, कपाटे बाहेरच्या भिंतीपासून थोडी पुढे ओढून ठेवावीत. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांदरम्यान राहिली की दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी होतात.

७. बिल वाचवण्यासाठी घर किती थंड ठेवलेले चालते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार थंड हंगामात घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे. वृद्ध, लहान मुले आणि जुनाट आजार असलेले यांच्यासाठी ते याहून अधिक लागू शकते. वृद्धांना थंडीची जाणीव उशिरा होते, म्हणून ‘मला थंडी वाजत नाही’ या त्यांच्या शब्दावर न जाता थर्मामीटर पाहावा. सगळे घर तापवणे परवडत नसेल तर एक खोली नीट तापवावी आणि तिच्या दारा-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात. ज्या खोलीत काहीही जळते आहे, तिथे मात्र हवा येण्यासाठी मुद्दाम ठेवलेला झरोका कधीही बुजवू नये.

तान्ह्या बाळाच्या पाळण्यात सैल पांघरूण किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनीही अशी पिशवी पायाशी घेऊन झोपू नये. कातडी भाजली तरी त्यांना कळत नाही.

८. पाणी गोठले की पाइप का फुटतो, आणि धोका सर्वांत जास्त कुठे असतो?

पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पण पाइप बहुधा बर्फ धरलेल्या जागी फुटत नाही. बर्फाचे बूच वाढत जाते तसे ते पुढचे पाणी बंद नळाकडे ढकलते, आणि बूच व नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब इतका वाढतो की तिथला सर्वांत कच्चा भाग फाटतो. बूच असेपर्यंत गळतीही दिसत नाही. म्हणूनच घर पाण्याने भरते ते ऊन पडून बर्फ सुटल्यावर.

धोका बाहेरच्या भिंतीतून जाणाऱ्या, गच्चीवरून टाकीकडे येणाऱ्या, माळ्यावरच्या आणि बागेतल्या नळाच्या पाइपांना जास्त. त्यांवर फोमचे वेष्टन घालावे, कोपरे आणि सांधे उघडे सोडू नयेत. वेष्टन उष्णता निर्माण करत नाही, ती जाण्याचा वेग तेवढा कमी करते, हे विसरू नये. घर अनेक दिवस गारठलेले असेल तर वेष्टनातला पाइपही गोठतो. बागेतल्या नळाची रबरी नळी काढून टाकावी, त्याची आतली झडप बंद करावी आणि बाहेरचा नळ उघडा ठेवावा.

९. रात्री नळ थेंब-थेंब सुरू ठेवावा असे सांगतात. त्याने खरेच फायदा होतो का?

होतो. प्रश्न ८ मध्ये सांगितलेला दाब उघड्या नळातून निघून जातो, आणि वाहते पाणी गोठायलाही वेळ घेते. तीव्र थंडीच्या रात्रीच, आणि पुरवठा जिथून येतो तिथून सर्वांत लांबचा नळ बारीक धारेने सोडावा. खाली बादली ठेवली की पाणी वायाही जात नाही. बेसिनखालचे कपाट उघडे ठेवले तर खोलीतली ऊब पाइपपर्यंत पोहोचते.

एक अपवाद आहे. बेसिनचा सांडपाण्याचा पाइप घराबाहेरून उघड्यावर जात असेल तर बारीक धार त्या पाइपातच गोठत जाते आणि सकाळी बेसिन तुंबते. अशा ठिकाणी बादलीत पाणी धरणे हाच मार्ग.

१०. पाइप गोठलाच आहे. आता काय करावे?

सर्वांत आधी घराची मुख्य झडप कुठे आहे ते पाहावे आणि ती फिरते आहे याची खात्री करावी. पाइपला चीर दिसली तर ती लगेच बंद करावी. चीर नसेल तर नळ उघडावा आणि नळाच्या बाजूने सुरुवात करून मागे मागे ऊब देत जावी, म्हणजे वितळलेल्या पाण्याला वाट मिळते; मधूनच तापवले तर ते दोन्ही बाजूंनी कोंडते. केस वाळवण्याचा ड्रायर किंवा गरम पाण्यात पिळलेली फडकी पुरतात. ड्रायर हातात धरताना आपण पाण्यात उभे नाही आहोत हे पाहावे. ब्लोलॅम्प, मेणबत्ती, काकडा असे काहीही पाइपजवळ नेऊ नये. प्लास्टिकचा पाइप वितळतो, धातूच्या पाइपातले पाणी एकदम वाफ होऊन तो फुटतो, आणि भिंतीतल्या लाकडाला आग लागते. पाइप भिंतीच्या आत असेल तर खोली तापवावी आणि प्लंबरला बोलवावे.

११. दोन आठवडे घर बंद राहणार आहे. हीटिंग चालू ठेवावे की पाणी काढून टाकावे?

थोड्या दिवसांसाठी घराचे तापमान १३ अंशांच्या आसपास ठेवून जाणे सोपे असते, पण वीज गेली तर तो बेत कोसळतो. पाणी काढणे अधिक खात्रीचे आहे. मुख्य झडप बंद करावी, गिझर किंवा बॉयलरचा विजेचा अथवा गॅसचा पुरवठा बंद करावा, सगळे नळ उघडावेत, सर्वांत खालचा नळ उघडाच ठेवावा, फ्लशची टाकी रिकामी करावी. गिझर आधी बंद करणे विसरू नये, कारण पाण्याविना चालू राहिला तर त्याचे एलिमेंट जळते. बेसिन आणि कमोडच्या वाकड्या पाइपांत पाणी उरते. तिथे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे बिनविषारी अँटिफ्रीझ ओततात. रेडिएटरमधून गरम पाणी फिरवणारी यंत्रणा वेगळी असते. नळ उघडल्याने ती रिकामी होत नाही, आणि तिच्याविषयी तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय घर सोडू नये.

१२. गिझरचे तापमान किती ठेवावे? काही जण ५० म्हणतात, काही ६०.

दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजते, तर ५० अंशांच्या पाण्याला त्यासाठी काही मिनिटे लागतात. दुसरीकडे, २० ते ४५ अंशांच्या साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि त्याने गंभीर न्यूमोनिया होतो. म्हणून साठवण ६० अंशांवर करावी आणि नळाशी थंड पाणी मिसळणारी झडप बसवावी. वरचेवर वापरल्या जाणाऱ्या छोट्या गिझरमध्ये पाणी साठून राहत नाही, तिथे ५० चालते. अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा ब्रेकर दोन्ही असावेत. ब्रेकरवरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

१३. छतावर किती बर्फ साचलेले चालते? पायऱ्यांवर मीठ टाकले की पुरे का?

केवळ जाडीवरून वजन कळत नाही. ताज्या भुसभुशीत हिमाचे वजन घनमीटरला १०० किलोच्या आत असते, दबलेल्या हिमाचे २०० ते ३०० किलो आणि घट्ट बर्फाचे ९०० किलोहून अधिक. दबलेल्या हिमाचा ३० सेंटिमीटर थर म्हणजे दर चौरस मीटरला ६० किलो किंवा त्याहूनही जास्त. आतली दारे अचानक अडकू लागली, छताला नव्या भेगा पडल्या किंवा कडकड आवाज आला तर घराबाहेर पडावे. छतावर स्वतः चढू नये. लांब दांड्याच्या फावड्याने जमिनीवरूनच, दोन्ही बाजूंनी सारखे हिम ओढावे. वळचणीला लोंबणारे बर्फाचे सुळे बहुधा छतातून उष्णता निसटत असल्याची खूण असतात. हातोड्याने ते फोडल्यास छत बिघडते. उपाय माळ्याच्या तळाला उष्णतारोधक थर घालणे हा आहे.

साधे मीठ उणे ९ अंशांच्या आसपासपर्यंतच नीट काम करते. त्याखाली कॅल्शियम क्लोराइड वापरतात. फार थंडीत बर्फ वितळवण्याचा नाद सोडून वाळू टाकावी. ती बर्फ काढत नाही, पण पाय टिकवते.

## वाहन

१४. उन्हाळ्यात ठीक चालणारी बॅटरी पहिल्याच थंडीत का दगा देते?

बॅटरी झिजते उन्हाळ्यात, आणि ते उघड होते हिवाळ्यात. उष्णतेने तिचे आयुष्य कमी होते. थंडीत तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. उणे १८ अंशांला शिसे-आम्लाची बॅटरी आपली निम्मी क्षमता गमावते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब मोजावा: १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ किंवा खाली म्हणजे जवळजवळ रिकामी.

पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी शून्याच्या थोड्याच अंश खाली गोठते. गोठून फुगलेल्या बॅटरीला चार्जर किंवा दुसऱ्या गाडीची वायर लावू नये, ती फुटू शकते. बॅटरीच्या टोकांवर जमलेला पांढरट-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने काढावा.

१५. दुसऱ्या गाडीवरून वायर लावून गाडी सुरू करताना क्रम कोणता?

आधी आपल्या गाडीची पुस्तिका पाहावी. काही गाड्यांना वेगळे जोडबिंदू असतात आणि काही हायब्रिड गाड्या दुसऱ्या गाडीला वीज देण्यासाठी वापरू नयेत असे निर्माते सांगतात. सर्वसाधारण क्रम असा: लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीत ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असू शकतो, म्हणून ती बॅटरीवर करायची नाही. चांगली गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग दुसऱ्या गाडीला सेल मारावा. काढताना क्रम उलटा.

१६. सकाळी इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवून गरम करणे आवश्यक आहे का?

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला अर्धे ते एक मिनिट पुरते; त्यानंतर पहिले काही किलोमीटर जोर न देता चालवणे हीच खरी गरम करण्याची पद्धत. जागेवर इंजिन चालू ठेवल्याने बॅटरीही फारशी भरत नाही, कारण दिवे, काचेचा हीटर आणि पंखा मिळून जवळपास तेवढीच वीज खातात. जुन्या कार्ब्युरेटरच्या दुचाकीला मात्र चोक ओढून थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. तेल निवडताना ‘५डब्ल्यू-३०’ यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठी आहे आणि त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते, हे लक्षात ठेवावे. गॅरेजमध्ये, दार उघडे असले तरी, इंजिन चालू ठेवून थांबू नये. कारण प्रश्न २ मध्ये आहे.

१७. कूलंट पाणी न मिसळता, शुद्धच भरले तर जास्त संरक्षण मिळेल का?

उलट कमी मिळेल. एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळले तर ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. मिसळायचे पाणी डिस्टिल्ड असावे. रंगावरून कूलंटचा प्रकार ओळखू नये, निर्मात्याने सांगितलेलाच भरावा. हे द्रव चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. सांडले तर लगेच पुसून घ्यावे, कारण मुले आणि प्राणी ते चाटतात.

१८. थंडीत टायरची हवा कमी ठेवली तर पकड वाढते का? हिवाळी टायर दोनच लावले तर?

हवा कमी ठेवू नये. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरले की दाब सुमारे एक पीएसआय आपोआपच कमी होतो. पंचवीस अंशांनी उतरले तर चार-साडेचार पीएसआय. गाडी उभी असताना, टायर थंड असताना, पंधरवड्यातून एकदा दाब तपासून निर्मात्याने सांगितलेल्या आकड्यावर आणावा.

सुमारे ७ अंशांखाली साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते; हिवाळी टायरचे मऊ राहते आणि त्यावरचे बारीक चरे बर्फ धरतात. डोंगराच्या आकृतीत हिमकण असलेले चिन्ह पाहून टायर घ्यावा. अनेक देशांत नक्षीची किमान कायदेशीर खोली १.६ मिलिमीटर आहे, परंतु हिमावर ४ मिलिमीटरपेक्षा कमी खोलीच्या टायरवर विसंबू नये. दोनच टायर बदलणे चारही न बदलण्यापेक्षा फसवे ठरते: फक्त पुढे लावले तर ब्रेक मारताना मागचा भाग फिरतो, फक्त मागे लावले तर गाडी वळत नाही. चारही चाकांना जोर देणारी गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही.

१९. डिझेल गोठते म्हणतात. त्यात रॉकेल मिसळावे का?

डिझेलमधले मेण थंडीत स्फटिक होऊन फिल्टर तुंबवते. थंड प्रदेशात हिवाळी डिझेल विकले जाते. उबदार भागातून निघताना टाकी काठोकाठ न भरता वाटेत, थंड भागात शिरण्यापूर्वी, तिथले डिझेल भरावे. आधुनिक कॉमन-रेल इंजिनात रॉकेल किंवा पेट्रोल मिसळू नये. डिझेलच पंपाला वंगण पुरवते आणि मिसळल्याने पंप खराब होतो. मेण धरू नये म्हणून मिळणारे द्रव आधीच टाकावे लागते. मेण धरल्यावर गाडी उबदार जागी नेणे आणि फिल्टर बदलणे एवढेच उरते.

२०. काचेवरचा बर्फ गरम पाण्याने काढला तर काय बिघडते? आणि आतून धुके का जमते?

उकळते पाणी पडले की काच तडकते, आणि कोमट पाणी पुन्हा गोठते. खरवडणीने बर्फ काढावा, वायपर गोठलेले असताना चालू करू नयेत, आणि काच धुण्याचे द्रव न गोठणारे वापरावे. समोर हाताएवढी जागा साफ करून निघू नये. सगळ्या काचा, दिवे आणि टप साफ करावे, नाहीतर पहिल्या ब्रेकला टपावरचे हिम समोरच्या काचेवर घसरते.

आतले धुके आपल्या श्वासाचे आणि ओल्या बुटांचे असते. हीटरबरोबर एसी चालू करावा, हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण बंद ठेवावे आणि झोत काचेवर घ्यावा. एसी हवेतले बाष्प काढून घेतो, म्हणून थंडीतही त्याचा उपयोग आहे.

२१. रस्ता फक्त ओला दिसतो, तरी गाडी घसरते. असे का होते आणि घसरल्यावर काय करावे?

तो पारदर्शक बर्फाचा पातळ थर असतो, खालचे डांबर दिसत असल्याने तो दिसत नाही. पूल आधी गोठतात, कारण त्यांना वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागते. त्यानंतर झाडीतले आणि सावलीतले रस्ते. पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडेनासे झाले आणि रस्त्याचा आवाज एकदम बंद झाला तर बर्फावर आहोत असे समजावे. बर्फावर थांबायचे अंतर कोरड्या रस्त्याच्या दहापट होऊ शकते, म्हणून वेग आणि अंतर आधीच बदलावे लागते. घसरल्यावर अॅक्सिलरेटर सोडावा, जिकडे जायचे तिकडे नजर ठेवून स्टीअरिंग हळू वळवावे. एबीएस (ब्रेक मारताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक घट्ट दाबून धरावा आणि पायाखालची थरथर जाणवली तरी सोडू नये. एबीएस नसेल तर हलके दाबत-सोडत राहावे. दुचाकीसाठी मी याला पर्याय सांगत नाही: असा बर्फ असेल त्या सकाळी दुचाकी काढू नये.

२२. धुक्यात कोणते दिवे लावावेत?

खालचा झोत आणि असतील तर फॉगलॅम्प. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, त्यामुळे मागच्याला गाडी थांबली आहे की वळते आहे हे कळत नाही. काहीच दिसेनासे झाले तर रस्त्यावर न थांबता गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन थांबावे.

२३. विजेवरच्या गाडीचा पल्ला थंडीत का घटतो?

बॅटरीतली क्रिया मंदावते हे एक, आणि इंजिनाची फुकट जाणारी उष्णता नसल्याने आतला हीटरही बॅटरीवरच चालतो हे दुसरे. कडाक्यात २० ते ३० टक्के घट असामान्य नाही. गाडी चार्जरला जोडलेली असतानाच तिचा आतला भाग आणि बॅटरी गरम करून घ्यावी, आणि हवा तापवण्याऐवजी सीट व स्टीअरिंगचे हीटर वापरावेत. शून्याखाली लिथियम-आयन बॅटरी वेगाने चार्ज केली तर तिच्यात लिथियमचा थर साचून कायमचे नुकसान होते. म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, तो बिघाड नव्हे. प्रवासाहून आल्यावर बॅटरी उबदार असतानाच चार्जर लावावा. बॅटरी थंड असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर होणारे विजेचे ब्रेकिंग कमी मिळते, त्यामुळे गाडी नेहमीपेक्षा लांब धावते.

२४. हिमवादळात गाडी अडकली आणि मदत लांब आहे. ऊब मिळवण्यासाठी इंजिन चालू ठेवावे का?

सलग नाही. आधी बाहेर उतरून सायलेन्सरचे तोंड आणि त्याभोवतीचे हिम मोकळे करावे, कारण ते बुजले तर धूर गाडीखालून आत शिरतो आणि प्रश्न २ मधला धोका गाडीत उभा राहतो. मग तासाला दहा मिनिटे इंजिन चालवावे, त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी, आणि दर वेळी सुरू करण्यापूर्वी सायलेन्सर पुन्हा पाहावा. वस्ती नजरेसमोर नसेल तर गाडी सोडून चालत जाऊ नये. हिमात गाडी शोधणे माणूस शोधण्यापेक्षा सोपे असते. भडक रंगाचे कापड अँटेनाला किंवा दाराला बांधावे आणि आतला दिवा फक्त इंजिन चालू असताना लावावा. पांघरुणे, टॉर्च, फावडे, पाणी, कोरडे खाणे आणि फोनची भरलेली पॉवर बँक हिवाळाभर गाडीतच असावीत, पण फावडे डिकीत न ठेवता आत ठेवावे, कारण डिकीचे झाकण गोठले तर ते हाती लागत नाही. तहान लागली तर हिम तोंडात टाकू नये, त्याने शरीराची ऊब जाते. डब्यात घेऊन ते आधी वितळवावे.